तुरळक ठिकाणी अति मुसळधार

‘पुढील चोवीस तासांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत बऱ्याच ठिकाणी मध्यम, तर तुरळक ठिकाणी अति मुसळधार पावसाची शक्यता. ऑरेंज अलर्ट.’ जून ते सप्टेंबर या काळात अशा धाटणीचे वाक्य कोकणात रोज कुठे ना कुठे कानांवर पडते. ऐकणारा त्यातून ‘मुसळधार’ हा शब्द आणि रंग एवढेच उचलतो. संध्याकाळपर्यंत अंगणात चार सरी पडून ऊन आले, की हवामान खाते पुन्हा खोटे ठरले असे म्हणून मोकळा होतो. त्याच संध्याकाळी दोन खाड्या ओलांडून पलीकडच्या गावात ओढ्याचे पाणी पडवीत शिरलेले असते. इशारा तिथे खरा ठरलेला असतो, आणि तो त्या जिल्ह्यासाठीच दिलेला होता.

या वाक्यातला ‘तुरळक’ हा शब्द मोजून वापरलेला असतो. एखाद्या भागात जेवढी पर्जन्यमापन केंद्रे आहेत, त्यांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर हवामान खाते ‘तुरळक ठिकाणी’ म्हणते. पाव ते निम्म्या केंद्रांवर असेल तर ‘काही ठिकाणी’, निम्म्या ते पाऊण केंद्रांवर असेल तर ‘बऱ्याच ठिकाणी’. त्याहून अधिक असेल तर बहुतेक सगळीकडे. म्हणजे वरच्या वाक्याचा अर्थ असा, की अति मुसळधार पाऊस जिल्ह्यात कुठेतरी पडेल, पण चारांपैकी किमान तीन ठिकाणचे लोक तो पाहणार नाहीत. आपण त्या तिघांत असू की चौथे, हे आदल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. पाव शक्यतेसाठी सगळ्यांनी सावध राहायचे, असे हे वाक्य मागते. ते लोकांना कधी नीट समजावून सांगितले गेले नाही, याची मला खंत वाटते.

‘मुसळधार’लाही माप आहे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ११५.५ मिलिमीटरपर्यंत पडला तर मुसळधार, ११५.६ ते २०४.४ पर्यंत अति मुसळधार, आणि २०४.५ वा त्याहून अधिक पडला तर अत्यंत मुसळधार. चोवीस तास म्हणजे सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ, आणि नोंद शेवटच्या दिवसाच्या नावावर होते. मुंबईकरांच्या मनात २६ जुलै म्हणून कोरला गेलेला २००५ चा पाऊस त्यामुळे खात्याच्या वहीत २७ जुलैच्या तारखेला आहे.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या छपरावर अत्यंत मुसळधार पावसाची किमान मर्यादा पडली, तर एकोणीस हजार लिटर पाणी कोसळते. दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर एका घरावर रिकामे व्हावेत तसे. शेजारची घरे, रस्ता, मागचा डोंगर यांवरही तेवढेच, आणि ते सगळे उतारावरून एकाच वहाळाकडे धावत असते.

या मापात एक उणीव आहे, ती म्हणजे वेळ. शंभर मिलिमीटर पाऊस दिवसभर सारखा पडत राहिला तर कोकणातल्या माणसाला त्याचे काहीच वाटत नाही. भाताच्या लावणीला तो हवाच असतो. तेवढाच पाऊस दोन तासांत कोसळला तर बाजारपेठ बुडते. मुंबईची जुनी पर्जन्य-जलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, तीही ओहोटी असताना. पुढच्या सुधारणा योजनेने ताशी ५० मिलिमीटरचे लक्ष्य ठेवले. दिवसाचा आकडा ‘मुसळधार’च्या पहिल्या पायरीवर असला, तरी त्यातला बहुतेक पाऊस भरतीच्या तासात पडला तर शहर थांबते.

रंगांबद्दल तर मोठाच गैरसमज आहे. पिवळा म्हणजे थोडा पाऊस, नारिंगी म्हणजे जास्त, लाल म्हणजे फार, अशी सरळ चढण बहुतेकांच्या डोक्यात असते. मिलिमीटरची पायरी त्यामागे असते, पण रंग मुळात माणसांनी काय करायचे ते सांगतो: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. तो ठरवताना पाऊस पडण्याची शक्यता किती आणि पडला तर नुकसान किती, या दोन्हींचा विचार होतो. रत्नागिरीला एकट्या जुलैमध्ये सोलापूरच्या वर्षभराच्या पावसाहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे शंभर मिलिमीटर पाऊस दोन्हीकडे सारखाच धोक्याचा नाही.

हे सगळे झाले इशाऱ्यातल्या शब्दांबद्दल आणि रंगांबद्दल. पण किनाऱ्यावर दोन वेगळी आभाळे येतात, आणि त्यांचे इशारेही वेगळ्या जातीचे असतात.

पहिले आभाळ मोसमी पावसाचे. अरबी समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे पश्चिमेकडून येतात, किनाऱ्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर सह्याद्रीची भिंत लागते आणि त्यांना वर चढावे लागते. वर चढताना हवा थंड होते, बाष्पाचे थेंब होतात, पाऊस पडतो. घाटमाथ्यावरच्या महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पलीकडे पायथ्याच्या वाईला हजाराच्या आत. पाऊस रोजचाच असतो, पण काही दिवस तो पिसाळतो, कारण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार होतो, किंवा बंगालच्या उपसागरातला कमी दाब पश्चिमेकडे सरकतो आणि अरबी समुद्रावरच्या वाऱ्यांना जोर चढतो. कधी ईशान्य अरबी समुद्रावर, जमिनीवरून फारशी जाणवणारही नाही अशी, तीन ते सहा किलोमीटर उंचीवर वाऱ्यांची भोवरी बसते आणि दोन-तीन दिवस जागची हलत नाही. १९६३ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत विमानांनी अशा एका भोवरीत शिरून मोजमापे घेतली. मिलर आणि केशवमूर्ती या शास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये तिची रचना उलगडून दाखवली, तेव्हा कोकण-गुजरातच्या अनेक महापावसांचे कोडे सुटायला लागले.

या सगळ्या यंत्रणा शेकडो किलोमीटर पसरलेल्या असतात. त्या उपग्रहाला दिसतात, संगणकावरच्या प्रारूपांना पकडता येतात, आणि म्हणून जिल्ह्याजिल्ह्याचा इशारा चार-पाच दिवस आधी देता येतो. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात आली असेल: जुलैच्या या पावसात गडगडाट फारसा नसतो. ढग बुटके असतात, बरेचसे थेंब गोठणाच्या पातळीखालीच तयार होतात, आणि वीज तयार व्हायला लागणारे बर्फ त्यांच्यात कमी असते.

दुसरे आभाळ वळवाचे आणि परतीच्या पावसाचे, म्हणजे एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबरचे. दिवसभर जमीन तापते, खाली दमट हवा, वर कोरडी आणि थंड. दुपारी कुठेतरी हवेचा एक लोट वर उसळतो आणि तासाभरात दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहून उंच ढग उभा राहतो. त्याच्या पोटात बर्फाचे स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात. हलके स्फटिक एक विद्युतभार घेऊन वर जातात, जड गारा दुसरा घेऊन खाली राहतात, आणि भार असह्य झाला की वीज कडाडते. मग गारा आणि पाऊस खाली येताना कोरड्या हवेतून जातात, थेंबांची वाफ होते, हवा एकदम गार आणि जड होऊन खाली कोसळते, आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना सुसाट सुटते. पावसाच्या आधी येणारा, धूळ उडवणारा, अंगावर काटा आणणारा गार वारा तो हाच. ऑक्टोबरमध्ये हे ढग घाटाकडून, पूर्वेकडून येतात. समुद्राकडे तोंड करून पाऊस शोधणाऱ्या किनाऱ्यावरच्या माणसाला ते पाठीमागून गाठतात.

असा एक ढग दहा-पंधरा किलोमीटर रुंद असतो आणि त्याचे आयुष्य अनेकदा तासाभराचे. सकाळी तो अस्तित्वातच नसतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये वापरात आलेली भारत पूर्वानुमान प्रणाली देशाचे हवामान सहा किलोमीटरच्या चौकटींत पाहते. त्याआधीची प्रमुख प्रारूपे बारा किलोमीटरच्या चौकटींत पाहत. ही झेप मोठी आहे. तरीही आदल्या दिवशी एवढेच सांगता येते की उद्या दुपारनंतर रायगडच्या घाटालगतची हवा पेट घेण्याच्या तयारीत असेल. ठिणगी कर्जतला पडेल की पेणला, ते ढग उभा राहिल्यावरच कळते, आणि तेव्हा काम रडारचे असते. रडार दर काही मिनिटांनी लहरी सोडते, थेंबांवर आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकते, थेंब किती आणि कुठल्या वेगाने सरकत आहेत ते सांगते. त्यावरून पुढच्या तीन तासांचा इशारा निघतो, त्याला तात्कालिक अंदाज म्हणतात. त्यात वाऱ्याच्याही पायऱ्या असतात: ताशी ४१ ते ६१ किलोमीटर वाऱ्याचे वादळ मध्यम, ६२ ते ८७ चे तीव्र, त्यापुढचे अतितीव्र.

माझ्या मते सगळ्या इशाऱ्यांत हा तीन तासांचा इशारा सर्वांत मोलाचा आहे आणि सर्वांत दुर्लक्षित. पाच दिवस आधीचा अंदाज वर्तमानपत्रात छापून येतो, वाहिन्यांवर दिवसभर फिरतो. तीन तासांचा छापून येईपर्यंत संपलेला असतो.

१३ मे २०२४ च्या दुपारी मुंबईवर असेच वळवाचे वादळ आले. धुळीने आकाश काळवंडले, विमानतळाचे कामकाज तासाभराहून अधिक काळ थांबले, लोकलगाड्या अडल्या, आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर १२० फूट बाय १२० फुटांचा जाहिरात फलक कोसळून १७ माणसे गेली. एवढा फलक तिथे उभाच राहायला नको होता, तो दोष वाऱ्याचा नाही. पण त्या दिवशी किती तरी माणसे पावसापासून आडोसा म्हणून फलकाखाली, पत्र्याखाली, झाडाखाली उभी होती. वळवाच्या वादळात पाऊस हा सर्वांत कमी धोक्याचा भाग असतो, हे आपल्या अंगवळणी पडलेले नाही.

या दोन आभाळांमध्ये काटेकोर कुंपण नाही, आणि ती एकत्र आली की काय होते ते २६ जुलै २००५ ला दिसले. मोसमी वाऱ्यांचा जोर होता, आणि त्यातच उपनगरांवर उंचच उंच गडगडाटी ढग उभे राहिले. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्यातला बहुतेक दुपार ते रात्र या काही तासांत. तिथून साधारण पंचवीस किलोमीटरवर कुलाब्याला त्याच चोवीस तासांत पडला ७३ मिलिमीटर. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांत बसलेल्या माणसांना खिडकीतून पावसाळ्यातला एक नेहमीचा दिवस दिसत होता, आणि म्हणून ती नेहमीच्या वेळी घरी निघाली. दुपारी भरती होती. मिठी नदीला पाणी सोडायला जागा नव्हती.

त्या दिवशी मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. आता कुलाब्याला आहे, वेरावलीला दुसरे आहे, गोव्यालाही आहे. मुंबईत ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापके बसली आहेत आणि प्रत्येक विभागाचा पाऊस काही मिनिटांत कळतो. पण पंचवीस किलोमीटरमधला हा फरक यंत्रे वाढली म्हणून नाहीसा होत नाही. आपल्या खिडकीतून दिसणारे आभाळ हा पुरावा नव्हे, हे ९४४ आणि ७३ हे दोन आकडे एकत्र पाहिले की कळते.

आता जिल्ह्याच्या सीमेबद्दल. इशारा जिल्हावार येतो, कारण प्रशासन जिल्हावार चालते. पाणी मात्र पाणलोटाने वाहते. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, म्हणजे सातारा जिल्ह्यात, आणि घाट उतरून रायगडच्या महाडला येते. जुलै २०२१ च्या २२ तारखेला सुरू झालेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. महाडमध्ये पाणी घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढले. त्याच दिवशी वाशिष्ठीने चिपळूण बुडवले: डोंगरातले पाणी एकीकडून, दाभोळच्या खाडीतून आत येणारी भरती दुसरीकडून, मध्ये बाजारपेठ. महाडच्या माणसाने साताऱ्याच्या घाटाचा इशारा वाचला पाहिजे, आणि चिपळूणच्या माणसाने भरतीचे वेळापत्रक. नकाशावर आपला जिल्हा पिवळा आणि शेजारचा घाट लाल असेल, तर नदीकाठच्या गावाने स्वतःला लालच समजावे.

त्याच २२ जुलैला महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली आणि ८० हून अधिक माणसे गेली. दोन वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या कुशीतली इरशाळवाडी गाडली गेली. रायगडला अतिवृष्टीचा इशारा होता. पण वाडीपर्यंत रस्ता नव्हता, बचाव पथकांना डोंगर चढून जावे लागले, आणि दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचे नावच नव्हते. तिथल्या ठाकर कुटुंबांना कुणी काय सांगायला हवे होते, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. लाल रंगाचा अर्थ हालचाल करा. पण रात्री अकरा वाजता, धो धो पावसात, म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना घेऊन डोंगर उतरून कुठे? हालचाल करायची जागा आधी ठरलेली, दाखवलेली, उघडी आणि कोरडी असेल तरच तो रंग कामाचा. डोंगराखालच्या वस्तीने स्वतः पाहायच्या खुणा आहेत: जमिनीला नव्याने पडलेली भेग, तिरपे झालेले झाड किंवा विजेचा खांब, दार अचानक अडकायला लागणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे. सलग दोन-तीन दिवस जोराचा पाऊस झाल्यावर यातली एकही दिसली, तर कोणत्याही रंगाची वाट पाहायची नसते.

समुद्रावर इशाऱ्याची पद्धत जुनी आहे. बंदरावर बावटा चढतो, रात्री दिवे लागतात, आणि ‘तीन नंबरचा बावटा लागलाय’ एवढे म्हटले की कोळीवाड्यात दुसरे काही सांगावे लागत नाही. जून-जुलैमध्ये मासेमारीला बंदीच असते. धोका असतो तो बंदी उठल्यानंतर आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जेव्हा समुद्र शांत दिसतो आणि नौका खोल पाण्यात दूर गेलेल्या असतात. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाने कोकणातल्या मच्छीमारांना असेच गाठले. पुढे जून २०२० मध्ये निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले आणि मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासत गेले, तेव्हा इशारा कितीतरी आधी मिळाला होता आणि बहुतेक नौका परतल्या होत्या. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था लाटांचा वेगळा इशारा देते. तोही वाचावा, कारण दूरवरून आलेल्या उंच लाटा स्वच्छ उन्हातही किनाऱ्यावर चढतात.

हल्ली एखाद्या दुपारी गावातले सगळे मोबाइल एकाच वेळी मोठ्याने किंचाळतात आणि पडद्यावर मराठीत संदेश उमटतो. २०२३ मध्ये देशभर याच्या चाचण्या झाल्या तेव्हा अनेकजण घाबरले होते. हा साधा एसएमएस नसतो. मनोऱ्याच्या टापूत असलेल्या प्रत्येक फोनला तो एकाच क्षणी जातो, नंबर माहीत असण्याची गरज नसते, आणि फोनची गर्दी झाली तरी तो अडकत नाही. मुंबईहून रत्नागिरीला पाहुणा आलेल्या माणसाला रत्नागिरीचाच इशारा मिळतो. विजेसाठी पुण्याच्या त्याच संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे. वीज पकडणाऱ्या संवेदकांच्या जाळ्यावरून ते आपल्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या टापूतल्या विजा दाखवते. शेतात काम करणाऱ्या घरात एका तरी फोनवर ते असावे असे मी आग्रहाने सांगेन. देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात, आणि त्यांतली बरीच शेतात असतात.

कोकणात परतीच्या पावसाच्या विजांची वेळ नेमकी भातकापणीची. ऑक्टोबरची दुपार, कापलेले भात शेतात आडवे पडलेले, आणि घाटाकडून काळे आभाळ. तीन तासांचा इशारा फोनवर येतो तेव्हा घरातले सगळे हात शेतात असतात. वर्षभराचे पोट डोळ्यांसमोर भिजत असताना ते सोडून निघा, असे सांगणे सोपे नाही. म्हणून सांगायचे ते आधी सांगायला हवे: परतीच्या पावसाच्या दिवसांत कापणी सकाळी लवकर सुरू करावी, दुपारनंतर वाहता येईल तेवढेच कापावे, आणि ताडपत्री शेतावरच असावी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत; तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर काम टाकून पक्क्या घरात जावे. शेतातला मांगर किंवा चारी बाजूंनी उघडी खोपी म्हणजे पक्के घर नव्हे, आणि आंब्याखाली तर अजिबात थांबू नये. घर लांब असेल तर सखल जागी, एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. गुरांना झाडाला किंवा तारेच्या कुंपणाला बांधून ठेवू नये. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊ द्यावा, मगच भाताकडे परत जावे.